‘सब बढिया’ म्हणणाऱ्या मामाचं इंदूर

इंदूरला जायचं ठरलं ते मामीच्या फोनमुळे. मामी स्वतःहून कधी फोन करत नाही, तो मान मामाचा. दर रविवारी तो कोपऱ्यावरच्या पीसीओतून आईला फोन करणार, काय चाललंय विचारलं की “सब बढिया” म्हणणार आणि ठेवून देणार. त्याची मिल बंद पडली तेव्हाही सब बढिया. भाडं परवडेना म्हणून दोनातली एक खोली सोडली, तेव्हा म्हणाला, झाडायला कमी झालं, बढिया झालं. आई उठता-बसता मला त्याचं उदाहरण द्यायची. मी पडले रडतराऊ, बस चुकली तरी दिवसभर कुरकुरणारी. मामी फोनवर एवढंच म्हणाली की एकदा येऊन जा आणि यांना मोठ्या दवाखान्यात ने, माझं ऐकत नाहीत. मी शाळेतून रजा काढली. खोटं कशाला बोलू, निम्मं मन पोह्यांसाठीही निघालं होतं.

धुळ्याहून जाणार असाल तर पहाटेची एसटी धरा आणि पाठीला उशी घ्या. शिरपूरपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे सेंधव्याचा घाट लागला की खड्डे आणि ट्रकांची रांग, त्यात तास-दीड तास सहज मोडतो. खलघाटला नर्मदेच्या पुलावर सगळ्या बायका खिडकीतून नाणी टाकतात. मीही टाकलं आणि मामासाठी हात जोडले. राऊ आलं की सामान आवरायला घ्या. लहानपणी इथे बटाट्याची शेतं दिसायची, आता प्लॉट विक्रीच्या पाट्या आणि कॉलेजांची फाटकं दिसतात. आमची गाडी दुपारी कधीतरी इंदूरला पोचली.

मामा जुनी इंदूर भागात राहतो. त्याने दार उघडलं आणि मी क्षणभर त्याला ओळखलंच नाही. शर्ट तोच, आतला माणूस अर्धा झालेला. “ये बेटा, बैठ. प्रवास बढिया झाला ना?” त्याने विचारलं आणि मला पंख्याखाली बसवलं. मामीने आमटी-भात वाढला. तब्येतीचं विचारलं तर मामाने सरळ शहराचं सुरू केलं. नवीन मॉल पाहिलास का, वर जाणारा जिना स्वतःच चालतो, कमाल आहे, आपल्या शहराची तरक्की होतेय. ज्या मिलमध्ये त्याची उभी जवानी गेली ती बंद होऊन चार-पाच वर्षं झाली होती. अजून हक्काचे पैसे हातात नव्हते. तरी हा माणूस सरकत्या जिन्याचं कौतुक करत होता. मला खरंच भरून आलं. मनात म्हटलं, शिक काहीतरी याच्याकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबी झाली. वर शेव, कांदा आणि जिरावन मसाला भुरभुरलेले असे पोहे आपल्याकडे होणे नाही. दोघांचं मिळून दहा रुपयांतच भागलं आणि पोट मात्र दुपारपर्यंत भरलेलं राहिलं. मग मामा मला कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे राजघराण्याच्या दगडी समाध्या, दाखवायला घेऊन निघाला. रिक्षा नको म्हणाला, पायी चल, शहर पायीच बघायचं असतं. असा गाइड मला कुठे भेटलेला नाही. दहा पावलं चालला की थांबायचा आणि काहीतरी दाखवायचा. हे लाकडी सज्जे बघ. या हलवायाची कढई बघ, किती मोठी आहे. छत्र्यांच्या पायऱ्यांवर तर जवळजवळ प्रत्येक पायरीला थांबून एकेक कोरीव मूर्ती दाखवली. खाली नदी काळी, वास मारणारी, त्यावरही तो म्हणाला की पाणी तर आहे ना. मी भराभर फोटो काढत होते. मी घाई करते, हा माणूस चवीने बघतो, असं मला वाटलं आणि तसं मी त्याला बोलूनही दाखवलं. तो नुसता हसला. घाम पुसायला तो पुन्हा थांबला, ते मी पाहिलं आणि उन्हावर ढकललं.

तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखाना. बाहेर बाकावर आमच्या आधी बरीच माणसं होती. आमचा नंबर जवळ आला तसा मामाने खिशातून कागदाची पुडी काढली, त्यातला गुळाचा खडा गालात धरला, वर मामीच्या थर्मासमधलं गरम पाणी प्यायला आणि डोळे मिटून अगदी हळूहळू श्वास घेऊ लागला. मला वाटलं, अशक्तपणा आला असेल. मामीने मला बाजूला नेऊन सांगितलं. मामा कापूस पिंजायच्या खात्यात होता, तिथे हवेत सारखी रुई उडायची. मिलचा डॉक्टर छाती तपासायला यायचा आणि ज्याला खोकला निघाला त्याचं नाव कायम कामगारांतून निघून बदलीत जायचं. मग रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. म्हणून खात्यातली सगळी माणसं तपासणीआधी असा गूळ धरायची, घसा ओला ठेवायची आणि डॉक्टरला सब बढिया सांगायची. कुणाचा खोकला सुटलाच तर बाकीचे मोठ्याने गप्पा मारून तो झाकायचे.

हे ऐकताना मला कालच्या पायऱ्या आठवल्या. तो मला मूर्ती दाखवत नव्हता, दम खात होता. आणि मी त्याच्या रसिकतेचं कौतुक करत होते. मला माझी लाज वाटली, त्याहून जास्त त्या फाटकाचा राग आला.

आत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, खांसी है? सांस फूलती है? मामा ताठ बसून म्हणाला, “नहीं साब, एकदम बढिया.” डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहायला घेतल्या. बाहेर गर्दी होती, तेही काय करणार. तेवढ्यात दारात उभी असलेली मामी पुढे आली.

“साब, ये झूठ बोल रहे हैं. पिछली ठंड से लेटे नहीं हैं. दीवार से टिक के सोते हैं.”

मामाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने आत्ता, या क्षणी, त्याची नोकरी घालवली. आणि मग इतका वेळ धरून ठेवलेला खोकला सुटला तो थांबेचना. मामी त्याची पाठ चोळत राहिली.

डॉक्टरांनी लिहिलेला कागद बाजूला सारला, एक्स-रे काढायला लावला, बराच वेळ छाती ऐकली. जे गेलं ते परत येणार नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आधी आला असतात तर, हे वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. औषधाने आणि श्वासाच्या पंपाने झोप मात्र थोडी लागेल म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मामा, मिल बंद झालीय रे. त्याने गुळाची पुडी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, “माहीत आहे ना बेटा. पण डॉक्टरच्या समोर बसलो की तोंडातून तेच निघतं.”

सराफ्यात रात्री मिळणारं खाणं राहिलं, राजवाडा बसमधूनच पाहिला. तुम्ही जाल तेव्हा बघा. कृष्णपुऱ्याला तर जाच, मूर्ती खरोखर सुंदर आहेत. मामाने दाखवण्यामागचं कारण काही का असेना, त्या खोट्या नव्हत्या.

परत येऊन आता महिना होत आला. आनंदी राहा, आहे त्यात समाधान माना, असं वर्गात मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. आता सांगताना जीभ अडते. ज्याला कुरकुर करायची सोयच ठेवली नाही, त्याच्या समाधानाचे आपण गोडवे गातो, हे मला पचत नाही.

काल रविवार होता. फोन आला, आई देवळात गेली होती म्हणून मी उचलला. कसा आहेस विचारलं. पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

“परवा तर बुरा हाल होता बेटा, रात्रभर बसून काढली,” मामा म्हणाला. “पण काल आडवा झोपलो. पाठ टेकून. थोडाच वेळ, पण झोपलो.”

फोन ठेवून मी तिथेच सतरंजीवर उताणी पडले. छाती वर-खाली होत होती, काही न करता, काही न मागता. चाळीस वर्षं मी अशी आडवी होत आले आणि एकदाही मला ते सुख वाटलं नव्हतं.