ओलं पोतं

वसराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी वारंगा फाट्यावर नांदेडच्या एसटीची वाट पाहत होतो. त्यालाच भेटायला निघालो होतो. आता त्याला तांड्यावर नेणार होते. रस्ता ओलांडला आणि हिंगोलीकडे जाणाऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो...

वसतिगृहात आमची खोली एक होती. पुढे मी मराठी शिकवू लागलो आणि सेनगावकडच्या तांड्यावरचा वसराम प्रयोगशाळेत पॉलिमरचे पडदे बनवू लागला. कागदासारखा पातळ पडदा, त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. पाणी तापलं की छिद्रं उघडत, गार झालं की आतले धागे फुगून ती मिटत. या उघडमिटीनं अडकलेला गाळही सुटतो, असं तो सांगायचा. तांड्याच्या विहिरीचं पाणी त्यातून गाळून याडीला, म्हणजे आईला, पाजायचं त्याच्या मनात होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं घराच्या ओट्यावर तसा पडदा लावलेला स्टीलचा डबा बसवला. दुसऱ्या दिवशी त्यातून थेंब पडेना. तो दुपारभर जोडण्या तपासत बसला. पाणी गार राहावं म्हणून याडीनं, माठाला गुंडाळतात तसं, डब्याला ओलं पोतं गुंडाळलं होतं. पोतं समोरच होतं. पण लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून त्याला ते दिसलंच नाही.

"एवढं शिकून गार पाण्याला भेणारं यंत्र काहून केलं रे?" याडी म्हणाली. तो खूप हसला. त्याच्या पायांवर तेव्हाच सूज होती.

मग मूत्रपिंडं निकामी झाली. नांदेडला डायलिसिसच्या खाटेवरून तो मला म्हणाला, "माझं रक्तबी पडद्यातूनच जाऊन राहिलं बघ. पण ह्या पडद्याला ऊन-गार कळत न्हाई... थंडी मलाच वाजते." मधल्या दिवसांत तो तांड्यावर जाई. धाप लागली तरी डबा स्वतःच भरी, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

परवा तांड्यावर गेलो. डब्याला पोतं घट्ट गुंडाळलेलं, तोटीखालचं भांडं कोरडं. याडी तांब्यानं पोतं भिजवत होती. ती विसरली असेल असं वाटून मी हळूच म्हणालो, "याडी, पोतं काढलं की पाणी येतं."

"म्हाईत हाय, लेकरा. शेवटचं आला तवा त्यानं भरलेलं हाय. पोतं काढलं तर सरून जाईल."

तिनं तांब्या माझ्या हातात दिला. पोत्याची उन्हाकडची बाजू वाळत आली होती. मी तिथं पाणी ओतलं.