मल्लेशची सीडी आणि माझी

मल्लेशबद्दल मी चांगलं बोलेन असं समजून कुणी हे वाचायला घेतलं असेल, तर आत्ताच सांगतो, ते मला जमत नाही. प्रयत्न करून पाहिला आहे. त्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, आणि आमच्या बसवकल्याणात त्याचं नाव दिवसातून चारदा तरी निघतं. तरी त्याची हकीकत मीच सांगायला हवी. त्याला पहिल्या दिवसापासून पाहिलेला मी, आणि त्याची प्रत्येक गोष्ट जिवाला लावून घेतलेलाही मीच.

तो मूळचा आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचा. घरी मेंढरं, थोडी जमीन. एक्क्याण्णव साली शाळेसाठी मावशीकडे आला आणि संध्याकाळी काशाप्पा वस्तादांच्या तालमीत शिरला. मी तिथं दोन वर्षं आधीपासून होतो. माझ्या वडिलांची अडत होती, त्यामुळे घरून मला दूध, बदाम, तूप, जे मागेन ते मिळायचं. मल्लेश भाकरीत शेंगदाण्याची चटणी घालून आणायचा आणि तालमीबाहेरच्या दगडावर बसून खायचा. ते खाऊनच तो दोन वर्षांत माझ्यापुढं गेला. माझे बदाम कुठं गेले ते मला आजवर कळलेलं नाही.

वस्तादांचे नियम थोडे होते. चपला बाहेर, मातीला हात लावून कपाळाला, आणि मातीवर उतरल्यावर तोंड बंद. जोर काढताना, बैठका मारताना एक शब्द बोलायचा नाही. बोललं की दम फुटतो, असं ते म्हणायचे. आकडेसुद्धा तोंडानं मोजायचे नाहीत. समोर चिंचोके मांडून ठेवायचे, आणि शंभर बैठका झाल्या की एक चिंचोका डावीकडून उजवीकडं सरकवायचा. वस्ताद कोपऱ्यात डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या श्वासावरून कुणाचं काय चुकतंय ते ओळखायचे. चुकलं की वेताची छडी, बरोबर असलं की काही नाही. फार झालं तर "हं".

आणि कधीतरी, वर्षानुवर्षांत एखाद्याला, ते म्हणायचे, "दम पक्का." आमच्या तालमीचं सर्टिफिकेट ते एवढंच. मल्लेशला ते पाचव्या वर्षी मिळालं. मी शेजारीच बैठका मारत होतो. वस्तादांनी आमच्याकडं तोंड केलं आणि म्हणाले, "मल्लेशा, दम पक्का झाला तुझा." मी त्या दिवशी दोनशे बैठका जास्त मारल्या. मला ते काहीच म्हणाले नाहीत, पुढंही कधी म्हणाले नाहीत. कुणाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मला तेवढंच हवं होतं, आणि अजून काय हवं होतं ते मला शोधूनही सापडत नाही.

सत्त्याण्णव साली मल्लेश हैदराबादला गेला. त्या काळात इकडची निम्मी पोरं हैदराबाद नाहीतर पुण्याला जायचीच. तो गेला तेव्हा मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो होतो, आणि बस हलल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी घरी येताना जिलेबी घेतली. तिथं तो एका मोठ्या जिममध्ये आधी फरशी पुसायला लागला, मग मशिनवर, मग लोकांना शिकवायला. मी इकडे वडिलांचं गोदाम रिकामं करून 'शक्ती जिम' काढली. गावातली पहिली जिम. आरसे लावले, लोखंड आणलं. आठ-नऊ वर्षं मी सुखात होतो.

दोन हजार सहाला तो परत आला. सोबत बायको तुळजा, एक कॉम्प्युटर आणि एक छोटा कॅमेरा. मला वाटलं, जिम काढणार. त्याने जिम काढलीच नाही. भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या आणि मला म्हणाला, "माणिकअण्णा, जे तालमीत येत्यात ते तुझ्याकडं येतीलच. जे येऊच शकत न्हाईत, त्यांच्यासाठी मी सीडी काढायलोय."

"सीडी बघून कुणाचं अंग होतंय व्हय?" मी म्हणालो.

"बघून न्हाई. करून."

त्याने ती काढली. नाव 'घरचा आखाडा'. एकाच सीडीचे तीन प्रकार, मराठी, कन्नड आणि आपली दखनी. त्यात तो बोलतो. अखंड बोलतो! जोर काढता काढता, बैठक मारता मारता, "आता गुडघा मोडा, आता पाठ सरळ, श्वास घ्या, सोडा, घाई करू नका, दमलात तर थांबा." वस्तादांचा नियम त्यानं धाब्यावर बसवला होता. दुसरी सीडी बायांसाठी, तीत तुळजा पंजाबी ड्रेस घालून व्यायाम दाखवते. आमच्याकडच्या बाया तालमीचा उंबरा ओलांडणार नाहीत, जिमचाही नाही, पण दार लावून टीव्हीसमोर उभ्या राहायला कुणाची परवानगी लागते? माझी बायकोसुद्धा करत होती. मला ते आवाजावरून कळलं. भिंतीपलीकडून तुळजा म्हणत होती, "अक्का, पोट आत घ्या."

नागपंचमीच्या कुस्त्यांना, दोन हजार सातला, त्यानं मैदानाजवळ टेबल मांडलं आणि सीडी विकायला काढली. फोटो स्टुडिओत, बसस्टँडवरच्या कॅसेटच्या दुकानात, सगळीकडं त्याचा फोटो. पुण्याला निघालेली पोरं बॅगेत ती सीडी घालून न्यायला लागली. हे सगळं मी सोसलं असतं. पण त्या टेबलावर नारळ फोडायला काशाप्पा वस्ताद आले. ज्यांनी मला मातीवर "पाणी" म्हणालो म्हणून छडी मारली होती, त्यांनी त्या बडबड्या सीडीसमोर नारळ फोडला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथून निघालो आणि पुढं सहा महिने वस्तादांच्या घरी पाऊल ठेवलं नाही. साखरेमुळं त्यांना कमी दिसायला लागलंय असं कानावर आलं होतं. कमी म्हणजे किती, हे विचारायलाही मी गेलो नाही.

मी काय केलं? मीही सीडी काढली. नाव ठेवलं 'खरी तालीम'. 'खरी' हा शब्द मोठ्या अक्षरात घ्यायला लावला. लग्नांचे व्हिडिओ काढणारा सिद्धराम म्हणून आमच्या गल्लीतला, त्याला बोलावलं. वस्ताद आता तालमीत येत नव्हते; तिथल्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती नव्यानं खणून घेतली, लंगोट कसला, समोर दहा चिंचोके मांडले आणि हजार बैठका मारल्या. मध्ये थांबलो नाही, एक शब्द बोललो नाही. सिद्धरामला निक्षून सांगितलं होतं, एक बैठक कापायची नाही.

तो म्हणाला, "अण्णा, तासभर तुम्ही वर-खाली व्हायलात. मधी गाणं तरी टाकतो."

"गाणं टाकलास तर पैसे न्हाई देणार."

"निदान कसं करायचं ते तरी सांगा की."

"बघून शिकायचं असतं. आम्ही तसंच शिकलो." मी माइकसुद्धा मातीजवळ ठेवायला लावला, मी बोललो नाही याचा पुरावा राहावा म्हणून. त्यानंतर चार दिवस मला जिना उतरता येत नव्हता, पण ते मी कुणाला कळू दिलं नाही.

संक्रांतीला सीडी बाजारात आली. तिसऱ्या दिवशी एक मास्तर ती परत घेऊन आले. "अण्णा, पीस खराब हाय. आवाज येत न्हाई." मी बदलून दिली. दुसऱ्या दिवशी तेच मास्तर परत. "ह्याच्यातबी न्हाई. नुसतं भात्यावाणी फुस्स फुस्स येतंय." मग एक दुकानदार, मग बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात कामाला जाणारी दोन पोरं. एकानं टीव्ही दुरुस्तीला टाकला होता माझ्यापायी. दुसऱ्यानं विचारलं, "अण्णा, तुम्ही मधनंच उचलून काय खाता? त्याचं नाव सांगा, आम्हीबी खातो." मी म्हणालो, ते चिंचोके आहेत, खात नाही, सरकवतो. तो म्हणाला, "कामून?"

कामून! मी तिथल्या तिथं उठलो. गावाला अक्कल नाही हे माझं आधीपासूनचं मत होतंच. आता एकच माणूस उरला होता ज्याला माझ्या सीडीची किंमत कळली असती. वस्तादांनी एकदा ती पाहिली, त्या दोन शब्दांपैकी एक जरी बोलले, तर मल्लेशचं टेबल काय आणि तीन भाषा काय. सीडी खिशात घातली आणि सहा महिन्यांनी त्यांच्या दारात उभा राहिलो.

दार उघडंच होतं. आतून मल्लेशचा आवाज. "श्वास घ्या, सोडा, घाई करू नका." माझं डोकं पुन्हा तापलं. तो घरात आहे असं वाटून परत फिरणार होतो, मग कळलं, टीव्हीतून येतोय. टीव्ही आणि प्लेअर दोन्ही त्यानंच आणून दिलेले. वस्ताद बाजेवर बसले होते. त्यांचं तोंड टीव्हीकडं नव्हतं, भिंतीकडं होतं. भिंतीकडं बघतच ते मल्लेशच्या आवाजाबरोबर हात वर-खाली करत होते.

त्यांची बायको तानुबाई चुलीपासून उठून आली. मला बघून डोळ्याला पदर लावला आणि कानाशी म्हणाली, "दोन महिने झाले. काहीच दिसंना गेलंय त्यास्नी. त्याच्या बोलण्यावरच दिवस काढायलेत."

खिशातली सीडी नुसती हातात आली. तानुबाईला वाटलं, वाजवायला आणली आहे. तिनं ती घेतली आणि मल्लेशची काढून माझी घातली. मी नको नको म्हणून हात हलवत होतो. आंधळ्या माणसापुढं मुकी सीडी! याहून मोठी थट्टा मला स्वतःची करता आली नसती.

"बदललीस व्हय?" वस्तादांनी विचारलं.

"व्हय. नवी हाय," तानुबाई म्हणाली.

खोलीत सगळं गप्प झालं. मी तोंड उघडलं, "अप्पा" म्हणणार, एवढ्यात त्यांनी एक बोट वर केलं. तालमीत करायचे तसंच. त्यांनी मान खाली घातली. मग मलाही ऐकू आलं. पायाचा मातीवर दबका आवाज, श्वास आत, श्वास बाहेर. ते ऐकत राहिले. एक चिंचोका सरकला, दुसरा सरकला, तिसरा सरकला. मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि पडद्यावरचा मी कुठं चुकेन या भीतीनं प्रत्येक बैठक मनात मोजत होतो.

चौथ्या शंभरात ते बोलले. "दम पक्का हाय." थोडं थांबून म्हणाले, "मल्लेशा कुस्त्या करायचा तवाचं दिसतंय हे. जपून ठेवलेलं व्हय त्यानं?"

अठरा-एकोणीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते दोन शब्द माझ्यासमोर पडले, आणि त्यावर त्याचं नाव होतं. मला ओरडून सांगायचं होतं, मी आहे, मी! पण सहा महिने न फिरकलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं ओरडायचं? तानुबाई काही बोलणार होती, तर मीच तिला हातानं थांबवलं.

एवढ्यात मल्लेश आला. रोज या वेळी तो वस्तादांच्या पायाला तेल चोळायला येतो, हे मला तेव्हा कळलं. त्यानं मला पाहिलं, पडद्याकडं पाहिलं.

"मल्लेशा," वस्ताद म्हणाले, "तुझी ही जुनी लई चांगली हाय रे."

त्याला गप्प बसता आलं असतं. त्याच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो, हे मी लिहून देतो. तो म्हणाला, "अप्पा, ह्यो मी न्हाई. माणिकप्पा हाय. नवीन काढलंय त्यानं. हितंच उभा हाय बघा."

वस्तादांनी हात पुढं केला. मी बाजेजवळ गेलो. त्यांनी चाचपडत माझी मांडी शोधली आणि तिच्यावर एक थाप मारली. "दम पक्का केलास," ते म्हणाले. मग थाप मारलेला हात तसाच ठेवून विचारलं, "आन् इतके दिवस कुठं हुतास?"



"जिमचं काम लई वाढलंय त्याचं, अप्पा," मल्लेश म्हणाला आणि तेलाची वाटी घ्यायला आत गेला. खोटं बोलायची पाळी माझी होती, तीही त्यानंच घेतली. मला हवे होते ते शब्द मिळाले, पण ते त्याच्या हातून मिळाले, आणि हे मी त्याला माफ करू शकत नाही.

'खरी तालीम'च्या उरलेल्या प्रती अजून जिमच्या माळ्यावर आहेत. पुढं सीडी मागं पडल्या, तेव्हा मल्लेश मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात व्यायाम भरून द्यायला लागला, आणि आता कोळारच्या कारखान्यातली पोरं जेवणाच्या सुट्टीत त्याचं बघून जोर काढतात. वस्ताद त्या दिवसानंतर दोन वर्षं होते. ती दोन वर्षं रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या पायाला तेल चोळायला बसायचो. मल्लेश उजव्या पायाला बसायचा, कारण पहिल्या दिवशी त्यानं तोच धरला होता, आणि अप्पांना उजव्या पायालाच जास्त बरं वाटायचं, असं मला अजूनही वाटतं.