रिकाम्या टाकीचं वजन

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. गॅसची टाकी आणणारा माणूस भलंमोठं पोट सावरत, टाकी खांद्यावर घेऊन तीन मजले चढायचा. दारात टाकी काट्याला लटकवून वजन दाखवायचा, मगच सही घ्यायचा. "अहो, टाकीपेक्षा तुम्हीच जड दिसता," असं मी एकदा म्हणालोही होतो.

पुढे त्याला शुगर निघाली. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तर यानं भाकरी, डाळ, अंडी सगळंच बंद केलं आणि काकडी-टोमॅटोवर राहू लागला. तो दर खेपेला बारीक दिसायचा आणि मी "शाब्बास" म्हणायचो.

काल तो दुसऱ्या मजल्यावरच टाकीला टेकून बसलेला दिसला. दंडाची कातडी लोंबत होती.

"डॉक्टर म्हनले, चरबीसंगं मांसबी झडलं." त्यानं टाकीवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हितं रिकाम्या टाकीचं वजन लिवलेलं हाय. गॅस संपतो, लोखंड ऱ्हातं. माझं लोखंडच गेलं, साहेब."

टाकी आम्ही दोघांनी धरून वर नेली. दारात त्यानं सवयीनं काटा काढून टाकीला अडकवला. दोनदा जोर लावला, पण टाकी जमिनीवरून हलली नाही.

"वजन बरोबर आहे," मी म्हणालो आणि सही केली.