बक्कल नंबर

अलिबागच्या परेड ग्राउंडवर, पोलिसांच्या स्मृतिदिनाला, मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. तिथे नावं वाचतात ती त्या वर्षी ड्यूटीवर मारल्या गेलेल्यांची. बाबांचं नाव एकदाच वाचलं गेलं, मी शाळेत असताना. म्हसळ्याच्या रस्त्यावर नाकाबंदी होती, त्यांनी हात दाखवला आणि टेम्पोवाल्याने गाडी सरळ अंगावर घातली. घरच्यांना आमंत्रण मात्र अजून येतं, आणि आई म्हणते, जायचं. काय ऐकायला जायचं, म्हणून मी दर वर्षी कुरकुरते आणि दर वर्षी तिला घेऊन जाते.

आईने बाबांचं नाव कधी घेतलं नाही. तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. तिची सोय पोलीस लाइनीने केली होती. तिथे माणूस ओळखला जायचा तो बक्कल नंबरानेच. वर्दीवरचा तो पितळी नंबर आई रोज चिंचेने घासायची आणि बाबांना जेवायला हाक मारायची तीही नंबराने. शेजारणी हसून बेजार व्हायच्या.

यंदा आम्हाला खुर्च्या दाखवायला एक पोरगी होती, नवीन भरतीतली. तिच्या छातीवर तोच नंबर! नंबर रिकामे राहत नाहीत, एकाचा दुसऱ्याला मिळतो, हे मला ठाऊक होतं. तरी माझं डोकं फिरलं, आणि रागवायचं कुणावर तेही कळेना. आईने पाहिलं तर ती इथेच हंबरडा फोडेल, एवढंच मनात आलं. म्हटलं, "आई, इथे ऊन लागतंय, पलीकडे बसू." मग पाणी हवंय का विचारलं. मग पुन्हा खुर्ची बदलू म्हटलं.

"बस गो जरा गप," आई वैतागली. "बघितलाय मी त्यो नंबर. आल्या आल्याच बघितलाय."

आणि तिने हाक मारली. नंबरानेच, जेवायला बोलवायची त्याच सुरात. किती वर्षांनी ऐकला तो सूर. मला रडूच आलं.

पोरगी धावत आली. "काय हवंय, आजी?"

"ड्यूटी कुठं असते तुझी?"

"सध्या नाकाबंदीला."

आईने तिचा हात धरला. "गाडी थांबली न्हाय तर आडवी जाऊ नको, बाय. बाजूला हो. पळाली तर पळू दे."

समोर परेड उभी राहत होती, साहेब मंडळी येऊ लागली होती. पोरगी ओशाळून हसली. "असं कसं सोडायचं, आजी?"

"त्येबी ह्येच म्हनायचे," आई मला म्हणाली. पलीकडून त्या पोरीला कुणीतरी बोलावत होतं, आणि आई काही तिचा हात सोडेना.