राबाचा धूर

पेठच्या रस्त्याला शेतकरी राब भाजायला लागले की काचा लावल्या तरी तो धूर गाडीत येतो आणि मला ते अंगण आठवतं. त्या दिवशीही भाताची रोपं टाकायच्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवलं होतं, आणि मी उतारावर उभा राहून धुराचे फोटो काढत होतो. खालच्या घरातून एक म्हातारा चढून आला. "बायको सकाळी गेली. तिचा एक बी फोटो नाय. नेण्याआधी काढून द्या, भाऊ." मी त्याच्यामागे खाली गेलो. तिला नवं लुगडं नेसवून अंगणात कुडाच्या भिंतीला टेकवून बसवलं होतं. बायका बाजूला सरकल्या. मी उजेड बघितला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं बोलून गेलो, "आजी, इकडं बघा." म्हाताऱ्यानं पुढं होऊन तिची हनुवटी हळूच माझ्याकडं वळवली आणि तशीच धरून ठेवली. त्याचा हात फोटोत आला. तो मी कापला नाही. आता फोटो काढताना मी काहीच बोलत नाही. लोकच विचारतात, कुठं बघू.