दुसरा मग

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मावसाजींचे, म्हणजे आईच्या मोठ्या बहिणीच्या यजमानांचे. तोफखान्यातून निवृत्त झाल्यावर ते रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गेटवर चौकीदार होते आणि जवळच बीरगावला दोन खोल्यांत राहत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. ती तीन वर्षं त्यांनी मला ठेवून घेतलं, स्वतःची सायकल मला दिली आणि ड्यूटीवर ते पायी गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी त्यांचाच, असं मी धरून चाललो होतो.

त्यांनी पाहिलेल्या लढाईबद्दल मी त्यांना कितीदा तरी विचारलं असेल. "काहून विचारून राहिला बे? जेवून घे," एवढंच उत्तर मिळे.

रायपूर राजधानी झालं तशी जाहिरातींची कामं वाढली आणि मला समता कॉलनीतल्या एका लहानशा एजन्सीत नोकरी लागली. शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाचा, शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेला एक जण होता. तो कोणाहीसमोर बसला की पाच मिनिटांत तो माणूस त्याचा होऊन जाई. मी हे रोज बघायचो आणि घरी जाऊन आरशासमोर तसं हसून बघायचो.

एका रमच्या कंपनीचं काम आलं. दारूची जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याच नावाच्या सोड्याची करायची. सीमेवरच्या लढाईनंतर फौजी चित्रांना भाव होता. कंपनीला बर्फ, बंकर आणि जवान हवे होते. काम त्या शेजारच्या टेबलावाल्याला मिळालं. ओळखीत कोणी खरा फौजी आहे का, असं त्याने विचारलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात त्याला बीरगावला नेलं. त्या निमित्ताने काम थोडं माझंही होईल, असं मला वाटत होतं.

मावसाजींना डाव्या कानाने ऐकू येत नसे. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तो आपणहून उजवीकडे सरकून बसला. आणि मावसाजी हिंदीत बोलायला लागले. बर्फातली चौकी, संध्याकाळी स्टीलच्या मगात मिळणारी रम. एक दोस्त परतला नाही, तरी त्याच्या वाट्याची रम त्याच्या मगात ओतली जायची. तो भरलेला मग त्याच्या बिछान्याशी ठेवायचा, सकाळी बाहेर बर्फावर रिकामा करायचा. त्या मगाला कोणी तोंड लावायचं नाही. मावशी दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही हे नवीन होतं. मी खाटेच्या टोकाला बसून माझ्याच घरात पाहुणा झालो होतो.

महिन्याभरात नव्या रायपूरच्या रस्त्यावर मोठं होर्डिंग लागलं. बर्फातला जवान, दोन्ही हातांत एकेक मग, दोन्ही ओठांकडे नेलेले. खाली ओळ होती, "यार के हिस्से का भी."

फौजी कँटीनच्या रांगेत त्यावर बरीच चर्चा झाली म्हणे. काहींना ते आवडलं. एक जण म्हणाला, बुढाप्यात कोणी आपला फोटो तरी लावला. दुसरा म्हणाला, मरायचं आपण आणि सोडा यांनी विकायचा. शेवटी चार म्हातारे इस्त्रीचे शर्ट घालून आमच्या ऑफिसात आले. त्यांत मावसाजी होते. मी पाणी दिलं आणि भिंतीशी उभा राहिलो. आज जाहिरात करणाऱ्याची खरडपट्टी निघणार म्हणून मला बरं वाटत होतं.

मावसाजी त्याला म्हणाले, "बेटा, वो दूसरा वाला कोई नहीं पीता."

तो खाली वाकला, त्यांच्या पायांना हात लावला. मावसाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मला ते कधी बेटा म्हणाले नाहीत. मी पोट्टा.

होर्डिंग उतरलं. त्यासाठी तो मालकाशी आणि कंपनीशी भांडला, हेही मला मान्य करावं लागलं. ते सांगायला तो बीरगावला गेला आणि मग दर रविवारी जायला लागला. मावशी त्याच्यासाठी कोथिंबिरीची सांबारवडी करायची. मी जाणं कमी केलं. माझ्याने बघवत नव्हतं.

एकदा ऑफिसात चहा पिताना बोलण्याच्या ओघात तो त्या दोस्ताचं नाव घेऊन गेला, गावासकट. जसं काही आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. माझा चहा तसाच राहिला. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते मला कोणी सांगितलेलं नाही.

फोनवर मावसाजींशी ओरडून बोलावं लागे, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी पत्र लिहिलं, आपण घरी बोलतो तसंच:

"मावसाजी, नमस्कार. तुमच्यामुळे मी शिकलो, हे मी कधी विसरलो नाही. तुम्ही त्याले सगळं सांगितलं, याचा मले त्रास होऊन राहिला. तो चांगला आहे, म्हणून जास्तच होते. तुमच्या दोस्ताचं नाव मी त्याच्या तोंडून ऐकलं. मले ते तुमच्याकडून ऐकाचं आहे. या रविवारी नाही, तेव्हा तो राहते. बुधवारी मी सुट्टी घेऊन येतो. तुमची ड्यूटी असली तर गेटवर बसतो. हिंदीत सांगा नाहीतर आपल्या बोलीत, पण मले सांगा."