मावशींना पाजलेलं पाणी

निवृत्त झाल्यावर नौपाड्यातल्या बायका एक तर गुडघे दाखवत दवाखाने फिरतात, नाही तर समाजसेवा करतात. मी दोन्ही केलं. टिटवाळ्याच्या एका वृद्धाश्रमात आमचा स्वयंसेवकांचा गट जायचा. नखं कापायची, वेण्या घालायच्या, अंथरुणाला खिळलेल्यांना भरवायचं. काम खरंच चांगलं होतं.

गटाच्या प्रमुख ताई बँकेतून निवृत्त झालेल्या, आवाजाने गोड आणि स्वभावाने हेकट. कोणी शेवटच्या घटका मोजू लागलं की त्या भजनी मंडळ घेऊन हजर. खाटेभोवती टाळ वाजवायचे आणि प्राण जाता जाता तोंडात गंगाजल घालायचं. पोटच्या पोरांनी टाकलेल्यांना आपण शेवटचं पाणी पाजतो, हे त्या हळदीकुंकवातही सांगायच्या.

आश्रमातल्या एक मावशी खाडीकाठच्या गावातल्या, कॅथलिक. जन्मभर मासळी विकलेली बाई. भाच्याने आणून सोडलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. श्वास लागायला लागला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"मना फादर पायजे," त्या म्हणाल्या. "आनी माज्या तोंडान तुमचा पानी नको."

मी हे सगळ्यांसमोर ताईंना सांगितलं. देव एकच असतो, असं त्या म्हणाल्या. मग फादरांचाच चालेल की, असं मी म्हणाले. ते त्यांना झोंबलं.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या चर्चमधून मी फादरांना घेऊन आले. मरणाऱ्याच्या कपाळाला लावायचं तेल त्यांच्या खिशात होतं. वॉचमनने आम्हाला दारातच अडवलं. भजन संपेपर्यंत कोणाला आत सोडू नका, असं ताईंनी त्याला बजावलं होतं. फादर म्हणाले, थांबू या. सभ्यपणाचा इतका राग मला कधीच आला नव्हता. मी त्यांना तिथेच सोडून आत घुसले.

मावशींनी ओठ घट्ट मिटले होते. औषध न घेणाऱ्या तान्ह्या मुलाचे दाबावेत तसे ताईंनी त्यांचे गाल दाबले आणि चमचा तोंडाला लावला. मावशींनी मान फिरवली, पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. मी नको म्हणून ओरडले, पण टाळांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? दुसरा चमचा आत गेला. मावशींना ठसका लागला. त्यानंतरचा श्वास आलाच नाही.

"घेतलं हो," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "शेवटी घेतलंच त्यांनी."

भजनी मंडळाने हात जोडले. एकीने मावशींची हनुवटी पदराने पुसली, किती शांत गेल्या असंही म्हणाली. तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

फादर आले तेव्हा टाळ पिशवीत भरणं चाललं होतं. त्यांनी मावशींच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली, तेलाची डबी मात्र उघडली नाही. माणूस गेल्यावर हे तेल लावत नाहीत, असं त्यांनी मला हळूच सांगितलं. ताईंनी त्यांना प्रसादाचा शिरा दिला.

शेजारच्या खाटेवरच्या आजींनी सगळं पाहिलं होतं. त्यांना मी नेहमी पेज भरवायची. त्या दिवशीही वाटी घेऊन जवळ बसले आणि चमचा पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड गच्च मिटून घेतलं.